झाकणाचा स्विच

आमच्या घरी भासरे माझ्याशी बोलत नसत. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. भांडण काही नव्हतं, सावली तालुक्यातल्या जुन्या घरांमध्ये रीतच तशी आहे. ते समोरून आले की मी पदर डोक्यावर घेऊन बाजूला सरायचं. त्यांना काही हवं असलं तर ते खांबाकडे पाहून म्हणायचे, "चहा झाला असन तं पाठवा म्हणा." कोणाला म्हणा, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. पुढे समजलं की या रीतीची सोयही मोठी आहे. ज्या बाईशी बोलायचंच नाही, तिच्या कामाला चांगलं म्हणायची वेळ येत नाही.

लग्नाआधी मी बुटीबोरीला एका कारखान्यात होते. चामोर्शीला दहावी झाल्यावर आयटीआय केलं होतं, इलेक्ट्रॉनिक्सचं. कारखान्यात माझं काम कंट्रोल पॅनेलच्या वायरी जोडायचं. आमच्या हॉलच्या टोकाला लाकूड कोरणारी एक मोठी मशीन होती. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र तिला दिलं की फिरतं पातं त्या रेघांवरून लाकडात उतरायचं आणि पाहता पाहता फळीवर तेच चित्र उमटायचं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्यासमोर बसायची. सोबतच्या पोरी म्हणायच्या, "हिले टीव्ही भेटला पाहा."

सासरी आले आणि नोकरी सुटली. घर गडचिरोली रोडला. पुढे भासऱ्यांचं फर्निचरचं दुकान, मागे आम्ही सगळे. माझा नवरा भावाच्याच दुकानात होता. गिऱ्हाईक पाहायचं, माल पोचवायचा, वनखात्याच्या डेपोच्या लिलावातून आलेलं सागवान उतरवून घ्यायचं. मी घरात बसून शेजारच्या बायांचे मिक्सर, पंखे, शेतातल्या पंपांचे स्टार्टर दुरुस्त करायची. त्यातून जे साठलं त्यात मी तशीच लाकूड कोरणारी, पण लहान सीएनसी मशीन मागवली. खोक्यात सुटे भाग आले होते. ताटाएवढी फळी बसेल एवढीच ती मशीन. मागच्या पडवीत, धानाच्या कोठीजवळ मी ती जोडली.

पहिल्यांदा तिच्यावर मी सासूबाईंचं नाव कोरलं, सागाच्या तुकड्यावर. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "माह्यं नाव इतकं लंबं हाय का वो?" तो तुकडा त्यांनी देवाजवळ ठेवला. माझ्या आनंदाला त्या दिवशी काही सुमार नव्हता.

भासऱ्यांनी एकदा पडवीच्या दारातून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाले, "लहान्या, घरात खेळणं आणलं म्हणते." मी तिथेच बसले होते.

खेळणंच होतं ते, पण नुसतं खेळून भागत नव्हतं. आमच्याकडे पावसाळा लागला की भिंतीसुद्धा ओल्या होतात. फळी ज्यावर बसते तो मशीनचा पाट साध्या दाबलेल्या भुश्शाचा होता, तो फुगला. मग एका बाजूचं अक्षर खोल जायचं आणि दुसरीकडचं नुसतं खरचटायचं. मी पाट काढून ॲल्युमिनियमचा बसवला. पाट जड झाला तर तो सरकवणारे रबरी पट्टे घसरायला लागले. पट्टे काढून लांब फिरते स्क्रू बसवले, तेव्हा मोटारी कमी पडायला लागल्या. धानाचे पंप चालू झाले की लाइन कमीजास्त व्हायची आणि त्यात मोटारी चालवणारं कार्ड जळायचं. मी स्टॅबिलायझर लावला. एकदा उंदरानं वायर कुरतडली. ती शोधायला मला सगळी मशीन उकलावी लागली. एक सुधारलं की दुसरं उघडं पडायचं. नवरा म्हणायचा, "तुही मशीन कोरते कमी आणि उघडी जास्त राह्यते." खरं होतं, पण मला तेच आवडायचं. बिघाड शोधताना डोक्यात दुसरं काही राहत नाही. स्वयंपाक नाही, मूल का होत नाही हा प्रश्न नाही, काहीच नाही.

एकदा मी कोरणी चालू असताना वाकून पाहत होते. पदराचं टोक पात्यात गेलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत पदर गुंडाळला गेला आणि मान खाली ओढली गेली. नशिबानं साडी जुनी होती, फाटली. मी कितीतरी वेळ भिंतीला टेकून बसले होते. दुसऱ्याच आठवड्यात मी मशीनवर झाकण केलं, आरपार दिसणाऱ्या जाड प्लास्टिकचं. झाकणाच्या कडेला एक स्विच बसवला. झाकण उघडलं की पातं थांबणार. झाकण लावून पुन्हा बटण दाबल्याशिवाय चालू होणार नाही. त्या स्विचमध्ये लाकडाचा भुसा जायचा, म्हणून आठवड्याला ब्रशनं तो साफ करावा लागे. नाही केला तर झाकण बंद असतानाही मशीन मध्येच थांबायची. त्याला काही इलाज नव्हता. साफ करणं एवढाच इलाज.

दोनेक वर्षांत माझ्या हातून बऱ्यापैकी कोरणी व्हायला लागली. एक दिवस भासऱ्यांनी पडवीत वाळत ठेवलेली फळी उचलली. धानाच्या लोंब्या होत्या तिच्यावर, एकमेकींवर कललेल्या. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. जेवताना नवऱ्याला म्हणाले, "तिले विचार, दरवाजाची फळी होईन का?"

मी आतून म्हटलं, "मशीन मोठी करावी लागन."

"मोठी म्हणजे कितीक मोठी, विचार."

नवरा आमच्या दोघांच्या मधे बसून भात कालवत होता. त्यानं काही विचारलं नाही, कारण दोघांनाही एकमेकांचं ऐकू जात होतं.

भासऱ्यांनी लोखंडाचा सांगाडा वेल्डिंग करून दिला. मी नवे रूळ, नवे स्क्रू, पाण्यानं गार राहणारी मोठी मोटार बसवली. तो उन्हाळा माझा फार चांगला गेला. दुपारी सगळे निजले की मी पडवीत. घामानं ब्लाउज भिजायचा, हात ग्रीसनं काळे. जेवायला बसताना सासूबाई म्हणायच्या, "हात पाह्य तुहे. पोरगी हाय का फिटर हाय?" पण रागानं नाही. मशीन पहिल्यांदा पूर्ण दाराएवढ्या फळीवर फिरली तेव्हा त्याही मोढा घेऊन पाहायला बसल्या होत्या.

आठ-पंधरा दिवसांनी मशीन दुकानात गेली. तिथे थ्री फेज होती, जागा होती, सागवान तिथेच होतं. सगळी कारणं बरोबर होती. कोणी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं असंही नाही. चार माणसांनी ती उचलून नेली. पडवीत फरशीवर तिच्या पायांचे चार डाग राहिले.

दुकानात गडी माणसं काम करायची. घरची सून तिथे कशी जाणार? मग सोय अशी निघाली की मशीन बंद पडली तर दुपारी, सगळे जेवायला गेले की शटर अर्धं खाली ओढायचं आणि मी मागच्या दारानं जायचं. पाने-स्क्रूड्रायव्हर मी डब्याच्या स्टीलच्या कप्प्यांत ठेवायची, म्हणजे कोणी पाहिलं तर वाटावं डबा घेऊन आली. मी जाऊन पाहायची तर स्क्रूवर ग्रीस आणि भुसा मिळून डांबरासारखा थर बसलेला. मोटार गार करायच्या बादलीत पाणी अर्धं. बोथट पात्यानं ओढून ओढून लाकूड करपवलेलं. मी साफ करायची, पातं बदलायची, शटर वर व्हायच्या आत निघायची. संध्याकाळी नवरा सांगायचा, "दादा म्हणत होता, चालू झाली." एवढंच.

मशीनवर एक बंगाली सुतार ठेवला होता. मुलचेऱ्याकडचा, पन्नाशीकडे झुकलेला, बारीक अंगाचा. तिकडे बंगाली निर्वासितांची गावंच्या गावं आहेत. तो एक दिवस जेवायला गेलाच नाही. मी मागच्या दारानं आले तर तो मशीनजवळ बसून मुरमुरे खात होता. मी परत फिरले. तो म्हणाला, "बौदी, जाऊ नका. हे पातं कसं बसवते ते मला दाखवा. मालिक म्हणते ठोकून बसव. मला वाटते ठोकून नाही बसत."

त्याच्या बोलीत बौदी म्हणजे वहिनी. मी त्याला दाखवलं. पुढे तो पडवीच्या पायरीवर यायचा, सासूबाई लाखोळीची डाळ निवडत समोर बसलेल्या, आणि मी त्याला मशीनचं सांगायची. कुठे तेल, कुठे ग्रीस, कुठे काहीच लावायचं नाही. झाकणाचा स्विच दर आठवड्याला ब्रशनं साफ करायचा, हे मी त्याला ठासून सांगितलं होतं. तो ऐकायचा, शंका विचारायचा, चुकलं तर हसायचा. मुलीचं लग्न ठरवायचं आहे, तळ्यात मासे टाकलेत, असंही सांगायचा. त्या घरात माझ्याशी मशीनबद्दल बोलणारा तो एकटाच माणूस होता. मला तो आपला वाटायचा.

त्याच वर्षी जवळच्या गावात देवळाच्या गाभाऱ्याला दार करायचं काम भासऱ्यांना मिळालं. चित्र मी काढलं. मधोमध पळसाचं झाड, दोन्ही बाजूंना धानाच्या लोंब्या, खाली पाण्याच्या लाटा, आमच्या वैनगंगेच्या. सुतारानं ते मन लावून कोरलं. दार फार देखणं झालं, हे मी माझ्या तोंडानं सांगते.

दार बसवायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मंडप होता, माईक होता. मी जाऊबाईंबरोबर बायकांत बसले होते. भासऱ्यांना शाल आणि नारळ दिला. त्यांनी माईक हातात घेतला. म्हणाले, "ही मशीन बाहेरून आणलेली नाही. आमच्या घरीच तयार केली. माह्या लहान्या भावानं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा उठून उभा राहिला, हात जोडले, त्यालाही नारळ मिळाला. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. सुतार मंडपाच्या खांबाजवळ उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "तुमी काही बोलले काऊन नाई?"

"मंडपात का तुह्यं नाव घेतील? काहीतरीच."

"तुमचं घेतलं ना."

"माह्यं काय अन् तुह्यं काय. एकच हाय."

नारळ त्यानं ओट्यावर ठेवला होता. सकाळी मी तो फोडून चटणीत घातला.

त्यानंतर मशीन बंद पडल्याचा निरोप बरेच दिवस आला नाही. मला नवल वाटलं. दाराचं पाहून कामं वाढली होती, दुकानातून तिचा आवाज दिवसभर यायचा. मी समजले, सुतार आता चांगला तयार झाला, निगा राखतो. मनातून थोडं वाईट वाटलं आणि थोडं बरंही.

पुढच्या उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी मी तांदूळ धुवत होते. मशीनच्या आवाजाकडे माझा कान असायचाच. लाकडात पातं चालतं तेव्हा एक सारखा घूं आवाज येतो. तो एकदम बदलला, आणि मग कोणीतरी ओरडलं. मी तशीच धावले. पदर नाही, काही नाही. पुढच्या दुकानात, सगळ्या गड्यांच्या मधून. सुतार खाली बसला होता. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं, गमछा लाल झालेला. झाकण उघडं होतं. आणि पातं फिरत होतं. सगळे त्याच्याभोवती गोळा झालेले, पण मशीन कोणी बंद केली नव्हती. मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

त्याला गाडीत घालून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. नवरा आणि भासरे दोघंही गेले. दुकान रिकामं झालं. मी मशीनजवळ उभी राहिले. झाकण उघडं असताना पातं फिरायलाच नको होतं. मी वाकून कडेला पाहिलं. माझ्या स्विचकडे येणाऱ्या दोन्ही वायरी कापल्या होत्या आणि एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप जुनी होती, तिच्यावर भुश्शाचा थर होता. महिन्यांपासून झाकणाला काही अर्थच राहिला नव्हता. बंद असलं काय, उघडं असलं काय, मशीन चालत होती.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुताराची उजव्या हाताची दोन बोटं.

चार दिवसांनी त्याचा साळा आणि त्यांच्या गावचे दोघं-तिघं आले. आमच्या गावातलेही दोन वडीलधारे बसले. दुकानातच बैठक. चहा घेऊन मी दारापर्यंत गेले आणि ट्रे नवऱ्याच्या हातात दिला. तेवढ्यात भासरे वळले. भिंतीकडे नाही, खांबाकडे नाही, सरळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या मशीननं माणसाचा हात गेला. समजते का तुले?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी पदर सारखा केला नाही. सरळ आत गेले, मशीनचं झाकण उचललं आणि म्हटलं, "इथी पाहा. झाकण उघडलं की थांबाले मी स्विच लावला होता. त्याच्या वायरी कोणीतरी कापून जोडल्या. मी नाई जोडल्या."

साळा उठून पाहायला आला. त्याला वायरींतलं काही कळत नव्हतं. भासरे म्हणाले, "मले का समजते वायरीचं? मशीन हिनं केली, दुरुस्ती हीच करते. आमी तं लाकूडवाले. घरगुती मशीन होती, तिच्यावर भरोसा ठेवला, ही माही चूक."

"मशीन तं लहान्या भावानं केली म्हणून सांगतलं होतं मंडपात," मी म्हटलं.

नवरा चहाच्या ट्रेकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्यानं एक कप उचलून साळ्याच्या हातात दिला.

मग एका वडीलधाऱ्यानं सांगितलं, सुतारालाच विचारू. फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्याचा आवाज बारीक झाला होता. विचारलं, बाबा, कशानं झालं? तो म्हणाला, "मशीनमध्ये खराबी होती. झाकण उघडलं तर थांबते असं बौदीनं सांगितलं होतं. थांबली नाही."

"बाई, जाऊ द्या आता," वडीलधारे मला म्हणाले. "झालं ते झालं. तुमी आत जा."

मी आत गेले.

दोन दिवसांनी मशीन परत पडवीत आली. चार माणसांनी उचलून नेली होती, तशीच चार माणसांनी आणून टाकली. रूळ वाकलेला, झाकण फुटलेलं. सासूबाई म्हणाल्या, "भंगारवाल्याले दे वो. अशी वस्तू घरात नोको." त्यांनी देवाजवळचा नावाचा तुकडा कधी उचलला कोण जाणे. तो तिथे नव्हता.

मला सुताराला भेटायचं होतं. त्यानं जे सांगितलं ते गैरसमजातून सांगितलं असेल, त्याला वायरींचं माहीतच नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. माहेरी जाते म्हणून निघाले. चामोर्शीला न उतरता पुढे गेले. आष्टीपासून खनिजाचे ट्रक रस्ता धरून चालले होते, एसटीच्या खिडकीतून लाल धूळ आत येत होती. मुलचेऱ्याहून ऑटोनं त्याच्या गावी पोचले. सारवलेलं अंगण, मागे तळं, दोरीवर जाळं वाळत घातलेलं. त्याच्या बायकोनं मला पाहिलं, ओळख सांगितल्यावर आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तो खाटेवर बसला होता. हाताला पांढरी पट्टी.

"बौदी, तुम्ही काऊन आल्या?" तो म्हणाला.

मी हाताचं विचारलं. दुखतं का, दवाखान्यात कधी बोलावलं. मग राहवलं नाही, म्हटलं, "झाकणाच्या वायरी कोणीतरी जोडल्या होत्या. तुम्हाले माहीत नव्हतं ना?"

तो म्हणाला, "मीच जोडल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मशीन सारखी थांबे. एक सागाची फळी खराब झाली, दुसरी खराब झाली. मालिक बोलले, ते काढून टाक. मी बोललो, बौदीला विचारतो. मालिक बोलले, तिला सांगू नको, ती पुन्हा लावते. म्हणून नाही सांगितलं."

"मग फोनवर तुम्ही..."

"हां. बोललो." त्यानं पट्टीचा हात मांडीवर नीट ठेवला. "दवाखाना मालिकनं केला. मुलीच्या लग्नाचा पलंग, कपाट मालिक देणार. सगळे विचारत होते, कोणाचं नाव घेऊ? मालिकचं घेतलं तर माझं सगळं जाते. तुमचं घेतलं तर तुमचं काय जाते, बौदी? तुम्ही घरच्या. घरच्याला कोण काढते?"

हे तो रागानं बोलला नाही. एखादा हिशोब दोनदा तपासून बरोबर आल्यासारखा बोलला. मला त्याच्या पट्टीकडे पाहून काही म्हणता येत नव्हतं आणि त्याच्या तोंडाकडे पाहून गप्पही राहवत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "मी दर आठवड्याले साफ करा म्हणून सांगतलं होतं. का नाही केला?"

"वेळ कोण देते?" तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं तेवढ्यात चहा आणला. मी तो प्याले. नाही प्याले असते तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी वाटलं. निघताना त्यानं उठायचा प्रयत्न केला, मी बसा म्हटलं नाही.

चामोर्शीला आईकडे दोन दिवस राहिले. तिला काही सांगितलं नाही. परत आल्यावर मी नवऱ्याला एकदाच सांगितलं, की तुमच्या दादानं वायरी काढायला लावल्या आणि मला सांगू नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मले माहीत हाय." मग अंघोळीला गेला.

त्या दिवसापासून मी नवऱ्याशी कामापुरती बोलते.

मशीन मी भंगारात दिली नाही. मोठा सांगाडा भासऱ्यांच्या लोखंडाचा होता, तो दुकानाच्या मागे नेऊन ठेवला. बाकीचं उकललं, एकेक भाग रॉकेलनं धुतला, वाकलेला रूळ टाकून दिला आणि मधल्या आकाराची मशीन पुन्हा उभी केली. नवं झाकण केलं. आता त्यावर दोन स्विच आहेत, आणि वायरी लोखंडी नळीतून नेल्या आहेत. अशी मशीन मी आधी कधी बांधली नव्हती. रेघ केसासारखी सरळ जाते. पण तिच्यासमोर बसून डबा खावासा वाटावा, तसं आता मला वाटत नाही.

भासऱ्यांनी नागपूरहून तयार मशीन आणली. पहिल्याच पावसाळ्यात ती बंद पडली. पुलांवर पाणी, कंपनीचा माणूस येईना. नवरा पडवीत येऊन उभा राहिला.

"दुकानातली मशीन बंद पडली. जरा पाहून देतेस का? आर्डर अडकून राह्यली."

"नाई."

"काऊन? घरचंच काम हाय."

"मले घरगुती मशीनचं समजते. ते दुकानाची हाय."

"दादा म्हणते..."

"दादाले म्हणा, माह्याशी बोला. एकदा बोलले होते ना."

भासरे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी माझ्या हातची भाजी घेतली नाही. पोळ्याच्या आधी आमची चूल वेगळी झाली. घराच्या मधे विटांची कमरेएवढी भिंत घातली, सासूबाई तिकडे राहिल्या. नवरा अजून भावाच्याच दुकानात जातो, आता मजुरीवर. ते त्याच्या मनाला लागतं आणि ते माझ्यामुळे झालं असं तो मानतो. तोंडानं म्हणत नाही. जेवताना मीठ कमी असलं तरी मागत नाही, तसंच खातो. मी पण विचारत नाही.

माझ्याकडे आता आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. दारावरच्या नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या फळ्या, शाळेच्या पाट्या. काम बरं आहे. भासऱ्यांच्या दुकानासमोरूनच त्यांना आत यावं लागतं. काही जण तिथे थांबून विचारतात, मशीनवाली बाई कुठी राह्यते? तिथली गडी माणसं हात करून मागे दाखवतात.

मागच्या महिन्यात मी भुसा ओढणारा पाइप बसवत होते. लांब होता, एकटीनं होईना. नवरा दुकानातून जेवायला आला होता. मी म्हटलं, "हे टोक जरा धरा." त्यानं चप्पल काढली, पडवीत आला आणि पाइपचं दुसरं टोक दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला. मी क्लिपा आवळल्या. खूप वेळ लागला, पण त्यानं हात खाली केले नाहीत. शेवटची क्लिप झाली तेव्हा त्यानं विचारलं, "अजून काही?"

"नाई," मी म्हटलं.

तो हात पुसून जेवायला बसला. मी ताट वाढलं आणि मशीन चालू करून पाहिली.